मोनोहल की कॅटमरान? खानापूरच्या दादा-वहिनींसाठी

गेल्या रविवारी खानापूरचे ओळखीचे दादा-वहिनी बेळगावात टिळकवाडीला घरी आले. दोघं रिटायर झालेत, मुलं मार्गी लागलीत. आता डिसेंबर ते मार्च थायलंडमधल्या फुकेतच्या आसपासच्या बेटांत शिडाच्या बोटीवर राहायचं त्यांनी ठरवलंय, सोबतीला पगारी तांडेल, म्हणजे बोट हाकणारा. दादांना मोनोहल हवी, म्हणजे एका पोटाची. वहिनींना दोन पोटांची कॅटमरान. मी एकेक हंगाम दोन्हींवर काढलाय, म्हणून पंच मी.

पहिलं सांगितलं ते हे, की बोट पळते किती यावर जाऊ नका. बेटांत फिरताना बोट दिवसातले वीसेक तास नांगरावरच असते. स्वयंपाक, कपडे, झोप सगळं तिथंच. आणि नांगरावरची मोनोहल आडव्या लाटेत रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहते. खणातले चमचे एका लयीत वाजतात. तिसऱ्या रात्री उठून मी ते सगळे टॉवेलात गुंडाळले, तेव्हा कुठं डोळा लागला. कॅटमरानवर चहाचा कप टेबलावर ठेवून विसरता येतो. वहिनींना चोर्ला घाटातच गाडी लागते, मग बोट लागणार नाही असं कोण म्हणेल? तरी कॅटमरान म्हणजे पाळणा समजू नका. वाऱ्याच्या तोंडावर जाताना दोन पोटांमधल्या तळावर खालून लाट आदळते, अगदी ढोलावर टिपरू पडल्यासारखी.

मोनोहलचं स्वयंपाकघर खाली पोटात असतं. चूल झुलती असते, त्यामुळे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. पण फोडणी दिली की ठसका थेट अंथरुणात, आणि उकाडा असा की भात शिजण्याआधी माणूस शिजतो. कॅटमरानचं स्वयंपाकघर बहुतेक वर, खिडक्यांशी. तांडेलाचंही तसंच. मोनोहलवर तो पातळ फळीपलीकडे घोरतो, कॅटमरानवर दुसऱ्या पोटात.

पाण्याचं बेळगावकराला शिकवायला नको. नळ रोज येत नाही, पिंपं भरून ठेवायची सवय आहेच. दोन्ही बोटींवर भांडी आधी समुद्राच्या पाण्यानं घासायची, अंघोळीला समुद्रात उडी मारायची आणि शेवटी दोन-तीन लिटर गोडं पाणी अंगावर घ्यायचं. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी ते वीज खातं. कॅटमरानच्या रुंद छपरावर सोलरची पॅनेलं जास्त बसतात, तेवढा फायदा. पण तिला वजन सोसत नाही. जागा दिसते म्हणून बेळगाव बासमतीचं पोतं चढवाल, तर ती रुसते, वेग पडतो आणि खालचा ढोल आणखी वाजतो.

चाळीस फुटी मोनोहलला साधारण सहा-सात फूट पाणी लागतं, कॅटमरानला चारेक. त्यामुळे ती किनाऱ्याजवळ नांगर टाकू शकते, किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या छोट्या होडीची, डिंगीची, वल्हवावल्हवी वाचते. भाडं मात्र बहुतेक ठिकाणी दीडपट ते दुप्पट, धक्क्यावरची जागाही महाग.

दादांचा हुकमी पत्ता म्हादई. खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या नदीचं नाव मिरवणारी नौदलाची 56 फुटी बोट. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्यानं जग फिरून आले आणि 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठंही न थांबता प्रदक्षिणा केली. ती मोनोहलच! बरोबर आहे. तळाला कील, म्हणजे खाली उतरलेलं जड पातं, असल्यामुळे उलटली तरी ती पुन्हा सरळ होते. कॅटमरान एकदा पालथी पडली की पालथीच. महासागर ओलांडायचा असता तर मीही दादांच्या बाजूनं बोललो असतो. पण तुम्ही दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालायला निघाला नाही. फुकेतजवळच्या फांग न्गाच्या आखातात दोरीवर लुगडं वाळवत चार महिने राहायचंय.

म्हणून माझं मत वहिनींकडे, पण बोट छोटी घ्या, आणि चार महिन्यांचे पैसे भरण्याआधी दोन्हींवर चार-चार दिवस राहून बघा. पैशाची ओढाताण होणार असेल तर मोनोहल घ्या आणि चमचे गुंडाळा.

दादा तरी हटेनात. मग संडासाची गोष्ट सांगितली. बोटीवर हातपंप मारून मैला ढकलावा लागतो, कागदसुद्धा आत टाकायचा नाही. माझ्या मोनोहलवर संडास एकच होता. तो तुंबला तेव्हा नाकाला रुमाल बांधून भर उन्हात पंप खोलत बसलो होतो. कॅटमरानवर दोन होते.

दादांनी कुंद्याची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "भाडं नेमकं किती म्हणालास?"