वॉरगेमिंगचं टेबल मागवलं, आलं भलतंच: ३०,४४९ रुपये कसे गेले

३०,४४९ रुपये. वॉरगेमिंगसाठी, म्हणजे छोट्या रंगवलेल्या सैनिकांच्या लढाया खेळायला, टेबल मागवलं आणि त्यात गेले. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे "पण गेले किती?" असं कुणी विचारायला नको. अ‍ॅडव्हान्स १५,४००, मग "चौकट तयार झाली" म्हणून ११,५५०, आणि माल गाडीत चढल्यावर "परत मिळणारी" विमा अनामत ३,४९९. बदल्यात घरी काय आलं, तर ४ बाय २ फुटांचं, मधोमध घडी होणारं, पांढरं प्लास्टिकचं टेबल. नवऱ्याला मी फक्त पहिला हप्ता सांगितलाय. तो असलं काही वाचत नाही, म्हणून इथे खरा आकडा लिहिण्याची हिंमत करतेय.

हे प्रकार कसे चालतात ते तुम्हाला माहीत असतंच. मलाही होतं. आगाऊ पैसे, घाई, भलत्याच नावाचं खातं, सगळं पाठ होतं. तेव्हा "एवढी शिकलेली बाई कशी फसली" हे कृपया नको. ज्याला आपल्या छंदातलं सगळं बोलता येतं, त्याच्याशी तुम्हीही चार गोष्टी जास्तच बोलला असता.

आणि हो, टेबलाची गरज होती. "जेवायच्या टेबलावर खेळा की" म्हणणाऱ्यांनी ३० इंच उंचीच्या टेबलावर वाकून चार तास आर्मी हलवून बघावी. उभ्याने खेळायला ३६ इंचांच्या आसपास उंची लागते, साधारण ओट्याएवढी, नाहीतर दुसऱ्या दिवशी कंबर हिशेब मागते. बोल्ट अ‍ॅक्शन आणि किंग्ज ऑफ वॉर हे खेळ मी ६ बाय ४ फुटांवर खेळते. वॉरहॅमर ४०,००० या खेळाची २०२० ची आवृत्ती आली आणि नेहमीच्या सामन्यासाठी किमान मैदान ६० बाय ४४ इंच झालं. पण आधीच्या ६ बाय ४ ची सवय लागली की कडेला डाइस, कार्ड आणि मेलेली पलटण ठेवायला मिळणारी ती पट्टी सोडवत नाही. इन्फिनिटी ४ बाय ४ वर होतो, किल टीम तर ३० बाय २२ इंचांत मावतो. म्हणजे एकच टेबल घ्यायचं तर ६ बाय ४ च. चार फुटांपेक्षा रुंद मात्र घेऊ नका. दोन्ही बाजूंनी हात घातला तरी मधल्या डोंगरावरचा शिपाई उचलताना अर्धं जंगल आडवं होतं.

जागाही मी नीट मोजली होती. खोली ११ बाय १० फूट. मधे ६ बाय ४ ठेवलं की लांबीकडच्या टोकांना अडीच-अडीच फूट आणि रुंदीकडे तीन-तीन फूट उरतात. माणूस वळतो, खुर्ची मागे सरते, दार उघडतं. एवढं सगळं करणाऱ्या बाईला बेफिकीर म्हणायचं असेल तर म्हणा.

जाहिरातीत किंमत ३८,५०० होती. ६ बाय ४, वरची बाजू तीन इंच खोलगट, म्हणजे डाव अर्धवट सोडून वर झाकणाच्या फळ्या टाकल्या की झालं साधं टेबल. ४० टक्के आधी, ३० टक्के चौकट झाल्यावर, उरलेले घरपोच मिळाल्यावर. मागणं काही अवास्तव नव्हतं. कुठलाही सुतार अ‍ॅडव्हान्स घेतोच. आणि त्या विक्रेत्याचं बोलणं काय गोड! मैदान म्हणून अंथरायची नेओप्रीनची (रबरासारखी) मॅट कापडी मॅटपेक्षा का बरी, फ्लॉकची, म्हणजे नकली गवताची, भुकटी कोपऱ्यात साठू नये म्हणून आतली कड गोल का हवी, १५ मिमी उंचीच्या सैनिकांच्या आर्मीला २८ मिमीवाल्यांपेक्षा मैदान कसं मोठं वाटतं, सगळं तोंडपाठ. "ताई, तुमच्यासारखे समजून घेणारे गिऱ्हाईक कमी," हेही म्हणाला. मी विरघळले असं म्हणणार नाही, पण फोन दहा मिनिटांत संपायला हवा होता आणि संपला नाही.

आता मागे वळून बघते तेव्हा एक गोष्ट डोक्यात घणासारखी आदळते. ६० बाय ४४ हा आकडा कुणीही कुठूनही उचलू शकतो. पण या माणसाने सुताराचा एकही प्रश्न विचारला नाही. जिन्याला वळण आहे का, फळी एकसंध चालेल की दोन तुकड्यांत हवी, फरशी सपाट आहे का, खोलीत ओल येते का, टेबल भिंतीला लागणार की मधे राहणार, काही म्हणजे काहीच नाही. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, कडा ओलीने फुगतात. जो खरोखर टेबल बनवतो त्याच्या तोंडून हे पहिल्या पाच मिनिटांत निघतं. खोलगट टेबलात तर आतलं माप वेगळं आणि बाहेरचं वेगळं, कारण चौकटीला जाडी असते. त्याच्या कोटेशनमध्ये नुसतं "६ बाय ४" होतं. आतून की बाहेरून? तुम्ही घेत असाल तर आतलं माप लेखी घ्या. बाहेरून ६ बाय ४ निघालं तर तुमची मॅट कडेला दुमडून बसेल.

आणि तो फोटो. त्याबद्दल लिहिताना आजही हात थरथरतो. दुसरा हप्ता मागताना त्याने "हे बघा, तुमचंच टेबल, मॅट टाकून दाखवतोय, ६० बाय ४४ ची" म्हणून पाठवला. हिरवी मॅट, कडेला लाकूड, वर दोन पडके वाडे. मी तो मोठा करून पाहिला, लाकडाचे रेषे पाहिले, खेळगड्याला पाठवला, त्याने टाळ्यांचं चित्र पाठवलं. ६ बाय ४ म्हणजे ७२ बाय ४८ इंच. त्यावर ६० बाय ४४ ची मॅट मधोमध टाकली तर लांबीकडे सहा-सहा इंच लाकूड दिसलं पाहिजे आणि रुंदीकडे जेमतेम दोन-दोन. फोटोत चारही बाजूंना पट्टी सारखीच होती. सारखी! अर्ध्या इंचाने चार्ज, म्हणजे चढाई, हुकला की टेप काढून भांडणारी मी. समोरच्याचा तोफखाना २४ इंचांत येतो की नाही हे डोळ्याने सांगणारी मी. फोटो माझ्यापुढे होता, वजाबाकी तोंडी करण्यासारखी होती, आणि मी ११,५५० पाठवले. खेळगड्यालाही दिसलं नाही, हे मुद्दाम नोंदवते. तो इंजिनिअर आहे.

वर, खात्यावरचं नाव दुकानाच्या नावाशी जुळत नव्हतं. "भागीदाराचं खातं आहे." असतात की भागीदार! पुढे असलं काही ऐकलं तर फोन ठेवा.

मग काही दिवस शांतता, मग कुरिअरच्या पावतीचा फोटो. पावतीवर वजन लिहिलेलं: १४ किलो. आता हे बघा. १८ मिमीच्या एमडीएफची ६ बाय ४ ची नुसती फळी ३० किलोच्या आसपास भरते. पाय वेगळे, चौकट वेगळी, झाकणाच्या फळ्या वेगळ्या. दोन माणसांशिवाय ते धूड हलत नाही. आणि इथे १४ किलो! तोवर २६,९५० अडकले होते, आणि पैसे अडकले की माणूस शंका घेत नाही, आशा धरतो. "जड मालाला विमा लागतो, ताई, पोचल्यावर परत." ३,४९९ गेले. जड मालाला म्हणे.

खोकं आलं तेव्हा सही मी केली, कारण पोरगा दारात घाईत उभा होता आणि खोकं उघडून दाखवायची त्यांच्याकडे पद्धत नाही. ते प्लास्टिकचं टेबल चुकून आलेलं नाही, हे कळायला मला बराच वेळ लागला. तीच तर यांची खरी चलाखी. काहीच पाठवलं नाही तर सरळ फसवणूक. काहीतरी पाठवलं की तो "मालाबद्दलचा वाद" होतो. फोन केला तर साहेब अजिबात घाबरले नाहीत. "गोदामात अदलाबदल झाली, ताई, लगेच रिफंड टाकतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका." पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, हे निदान तेव्हा तरी डोक्यात आलं. मी ठेवला फोन. त्यानंतर तो नंबर बंद.

आता ऐका पुढची कहाणी.

बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय, त्यामुळे तो "अनधिकृत" होत नाही. मी म्हटलं, समोरचं खातं तरी गोठवा. त्यासाठी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात म्हणाले, आधी बँकेचं लेखी उत्तर आणा. बँकेने लेखी द्यायला नकार दिला, कारण तक्रार तोंडी होती. लेखी तक्रार दिली तर पोच दिली, उत्तर नाही. या चेंडूफळीत ते खातं रिकामं व्हायला किती वेळ लागला असेल ते तुम्हीच ठरवा. म्हणून सांगते, कळल्याच्या क्षणी, रडण्याच्या आणि घरच्यांना सांगण्याच्याही आधी, बँकेत लेखी तक्रार आणि पोलिसांची ऑनलाइन तक्रार एकाच वेळी टाका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं.

ठाण्यातला प्रसंग तर विसरता येत नाही. "वॉरगेम म्हणजे मोबाइलवरचा?" नाही, छोटे सैनिक असतात, रंगवलेले. "मुलासाठी घेतलं होतं का?" नाही, माझ्यासाठी. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी सांगायला लागले की १८१२ मध्ये रायस्वित्झ नावाच्या माणसाने प्रशियाच्या (जुन्या जर्मनीतल्या राज्याच्या) राजाला असंच टेबल करून दिलं होतं, ड्रॉवरमध्ये डोंगर-नद्यांच्या फरश्या, आणि पुढे त्याच्या मुलाने केलेला खेळ सैन्याच्या प्रशिक्षणात गेला. का सांगितलं, देव जाणे. पोरखेळ समजतील म्हणून सांगितलं आणि आणखीच पोरखेळ झाला. शेवटी त्या दोघांतला एक म्हणाला, "ताई, टेबल मागवलं होतं, टेबल आलं. यात गुन्हा काय?" ६ बाय ४ आणि ४ बाय २ मधला फरक मी कागदावर काढून दाखवला. मागवलेल्याच्या जागेत आलेलं तीनदा मावतं, म्हटलं. "हा दिवाणी वाद आहे."

जाहिरात जिथे होती त्यांचं उत्तर आलं, पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, म्हणून आमचा संबंध नाही. जाहिरातीचे पैसे घेताना मात्र संबंध असतो वाटतं. कुरिअरवाल्यांकडे मी फक्त एक गोष्ट मागितली: पार्सलचं नोंदवलेलं वजन लेखी द्या. माझ्या बाजूचा तो सगळ्यात बळकट पुरावा. "ती माहिती फक्त पाठवणाऱ्याला देता येते." पाठवणारा म्हणजे तोच भामटा! ग्राहक म्हणून तक्रार करायला गेले तर विक्रेत्याचा पत्ता हवा. कोटेशनवरच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र "असा इसम येथे राहत नाही" शेऱ्यासह परत आलं. तो लिफाफा तरी नवीन पुरावा म्हणून घ्या, म्हटलं. अर्जाला फक्त पाच कागद जोडता येतात, तुमचे पाच झालेत.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. पट्टी धरून माप दाखवा. खोक्यावरच्या वजनाच्या चिठ्ठीचा फोटो घ्या, ती फेकू नका. माझी चिठ्ठी रद्दीत गेली, खोक्यासकट, नवऱ्याच्या उत्साहाने. ऑर्डर देण्याआधी बनवणाऱ्याला सांगा की चालू कामाच्या फळीवर टेप ताणून, शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून फोटो पाठव. खऱ्या माणसाला यात राग यायचं कारण नाही. तयार टेबल महाग वाटत असेल तर टेबल टेनिसचं टेबल बघा, ९ बाय ५ फूट, उंची ७६ सेंटिमीटर, घडी होतं. मैदानाला जास्तच मोठं पडतं आणि उंची कमी, पण निदान असतं ते असतं.

मी सध्या १२ मिमी प्लायच्या ४ बाय ३ च्या दोन फळ्या कापून घेतल्यात. जेवायच्या टेबलावर जोडून टाकते, खाली घसरू नयेत म्हणून रबराची जाळी आणि पट्ट्या. बाहेर आलेल्या भागावर कुणी कोपर टेकलं की सगळी रणभूमी उचलली जाते, म्हणून खेळगड्याला दटावून ठेवलंय. कंबर दुखतेच. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स १९१३ च्या सुमारास जमिनीवर बसून हेच खेळ खेळत असे. त्याच्या कंबरेचं काय झालं माहीत नाही.

तक्रारीची स्थिती "प्रक्रियेत" आहे. ते प्लास्टिकचं टेबल पुरावा म्हणून जसंच्या तसं जपून ठेवायला सांगितलंय, त्यामुळे मी मोजून रिकामी केलेली खोली आता त्याने अडवली आहे. आणि परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. दुकानाचं नाव नवं, किंमत ३६,०००, फोटो तोच, चारही बाजूंना सारखी पट्टी. कुणाची बोलणी चालू असतील तर आजच त्याला दोन प्रश्न विचारा: वरची फळी किती तुकड्यांत येणार, आणि एकूण वजन किती? किलोत उत्तर दिलं तर मलाही कळवा.