३२ जीबी रॅम की १ टीबी एसएसडी? लग्नाचे फोटो करणाऱ्यांसाठी

साधारण एकाच किमतीत दोन लॅपटॉप समोर येतात. एकात १६ जीबी रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी) आणि १ टीबी एसएसडी (फाइल साठवायची वेगवान डिस्क), दुसऱ्यात ३२ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे लग्नाचे फोटोवाले बहुधा पहिल्याला हात घालतात, कारण "डाटा लई होतोय". होतोच. पण अल्बम स्वतः करत असाल तर मी दुसरा घ्या म्हणेन.

फोटोशॉपमध्ये अल्बमची १२ बाय ३६ इंचांची एक शीट घ्या. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ती ३६०० बाय १०८०० पिक्सेलची होते. शीटभर पसरलेला एक लेयर (थर) म्हणजे ८ बिटमध्ये सुमारे ११७ एमबी. पार्श्वभूमी, नवरा-नवरीचा मोठा फोटो, फुलांचं डिझाइन, सावल्या असे थर चढत जातात. वर हिस्ट्री (मागे फिरता यावं म्हणून ठेवलेल्या आधीच्या पायऱ्या) हीसुद्धा जागा खाते. अशा तीन-चार शीट एकदम उघड्या, शेजारी फोटो निवडायचं-सुधारायचं लाइटरूम चालू आणि ब्राउझरमध्ये व्हॉट्सअॅप, त्यावर वधूपक्षाचा निरोप: "तो मामांचा फोटो काढून टाका." १६ जीबी इथेच संपते. रॅम भरली की फोटोशॉप एसएसडीवर तात्पुरती जागा वापरू लागतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमची बरोबरी करत नाही, आणि ब्रश अडखळायला लागतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही याच रॅममधून वाटा घेतं. सध्याच्या मशिनवर कामाच्या ऐन भरात टास्क मॅनेजर उघडून मेमरी किती टक्के भरलीय ते पाहा. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा ते खरं. ८ जीबीचं तर नावच काढू नका.

आता जागेचं. ५१२ जीबी विंडोजमध्ये ४७६ च्या आसपास दिसते. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) साधारण २५ ते ३० एमबी. हळदीपासून वरातीपर्यंत ३००० फ्रेम झाल्या तर एका लग्नाचे ७५ ते ९० जीबी. विंडोज आणि सॉफ्टवेअर वजा केलं, कॅशेसाठी (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींसाठी) पंधरा-वीस टक्के मोकळे सोडले, तर तीन लग्नांत डिस्क गच्च. मात्र १ टीबीही त्याच सीझनमध्ये भरते, थोडी उशिरा एवढंच. लॅपटॉपची डिस्क हे कामाचं टेबल आहे, माळा नव्हे. झालेलं काम बाहेर हलवायचंच असतं.

त्यासाठी १० गिगाबिट यूएसबीची छोटी एसएसडी घ्या. सेकंदाला १००० एमबीच्या आसपास वेग मिळतो, त्यामुळे चालू लग्न थेट तिच्यावर ठेवून एडिट करता येतं. पोर्टही तेवढ्या वेगाचा हवा, ते लॅपटॉप घेतानाच बघून घ्या. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क फक्त बॅकअपला, आणि तोही दोन ठिकाणी. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. अॅडॅप्टरवर चालणारी मोठी हार्डडिस्क कॉपी चालू असतानाच बंद पडते. यूएसबीवरच चालणारी लॅपटॉपच्या बॅटरीवर टिकते.

एसएसडी एनव्हीएमई (जुन्या साटा एसएसडीपेक्षा वेगवान प्रकार) असली की बस. डब्यावरच्या सेकंदाला ३५०० आणि ७००० एमबी या आकड्यांतला फरक रॉ फोटो उघडताना फारसा जाणवत नाही. तिथे प्रोसेसरच जास्त राबतो. शिवजयंतीच्या रात्रीच्या चित्ररथांचे फोटो एआय डिनॉइझने (फोटोतले दाणे काढणाऱ्या सोयीने) साफ करायचे असतील तर रॅम वाढवून वेळ वाचणार नाही. ते काम ग्राफिक्स कार्डाचं.

पैसे देण्याआधी मॉडेल नंबर टाकून एक गोष्ट तपासा: रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये? बऱ्याच पातळ लॅपटॉपांत ती सोल्डर असते, नंतर वाढत नाही. मॅकबुकमध्ये तर स्टोरेजही घेतानाच ठरवावं लागतं. रॅम सोल्डर असेल तर विचार नको, ३२ जीबीच. दोन स्लॉट असतील आणि १६ ची एकच पट्टी बसवलेली असेल, तर १ टीबीवाला खुशाल घ्या. पुढे तेवढीच दुसरी पट्टी टाकली की ३२ होते आणि ड्युअल चॅनलचा (दोन्ही पट्ट्या एकदम चालून वेग वाढण्याचा) फायदाही मिळतो. दोन्ही स्लॉटांत ८-८ असतील, तर वाढवताना त्या दोन्ही काढाव्या लागतात, तो खर्च आत्ताच धरा. मागचं झाकण उघडल्यावर वॉरंटी राहते का, हेही विचारून ठेवा.

फक्त फोटो निवडून रंग सुधारून देत असाल आणि अल्बम लॅबकडून करून घेत असाल, तर १६ जीबी पुरते. मग १ टीबीच घ्या.