नवा पत्रा म्हणून तेलाचा डबा: जुन्या फियाटच्या पत्रेकामात झालेली फसवणूक

जुन्या फियाटच्या मालकाला फसवायला दोन डबे पुरतात. एक लांबीचा, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, आणि एक काळ्या अंडरकोटिंगचा, म्हणजे गाडीच्या तळाला खालून मारायच्या जाड थराचा. वेल्डिंगचं मशीन नसलं तरी भागतं. मला ज्या गॅरेजने फसवलं त्यांच्याकडे मशीन होतं. ते दारातच मांडलेलं असायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

गाडी बाबांची. १९७८ ची प्रेमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. कागदावर पद्मिनी, पण घरी आणि गल्लीत तिला सगळे फियाटच म्हणत आले. बाबा गेल्यानंतर ती अलिबागला अंगणातल्या शेडखाली उभी राहिली. समुद्राची खारी हवा आणि कोकणातला पाऊस पत्र्याचं काय करतो हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. त्यात दारांच्या तळाला पाणी निघून जायला जी बारीक भोकं असतात, त्यांत माती आणि पाचोळा बसला की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून बाहेरच्या दिशेने कुजत येतो. रंगाला बाहेर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक वेळा संपलेला असतो. आमच्या गाडीची चारही दारं खालून गेली होती, ड्रायव्हरच्या पायाखाली जमीन दिसत होती, आणि दोन्ही बाजूंची सिल बोटाने दाबली तरी तपकिरी भुगा पडत होता.

सिल म्हणजे दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. फसवणुकीचं खरं ठिकाण तेच, म्हणून थोडं थांबून सांगते. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते. वरचा पत्रा गेला तरी गाडी चासीवर उभी राहते. पद्मिनी ज्या फियाट ११०० वरून बनली ते मॉडेल १९५३ साली आलं तेव्हापासून त्याला वेगळी चासी नाहीच. तळ, सिल, दारांचे खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा, आणि भार त्या पातळ पत्र्यावर. म्हणजे सिल कुजणं हा दिसण्याचा प्रश्न नाही; खड्ड्यात गाडी किती वाकेल याचा प्रश्न आहे. आणि सिल आतून पोकळ असल्याने आत काय भरलंय ते बाहेरून कोणालाच दिसत नाही.

ठाण्याच्या बाहेर एक गॅरेज आहे, ‘व्हिंटेज’ अशी पाटी लावलेलं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, आणि लोकांना अचानक या गाडीचं प्रेम आलं. अशा पाट्याही तेव्हापासून जास्त दिसायला लागल्या, निदान मला तरी. मालकाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “मॅडम, आरपार नवा पत्रा. जुनं सगळं कापून काढणार. वीस गेजचा पत्रा, सीओटू वेल्डिंग. दहा वर्षं बघायला नको.” वीस गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर जाड, आणि सीओटू म्हणजे वायूच्या आवरणात बारीक तारेने केलेलं, पातळ पत्र्याला चालणारं वेल्डिंग. रंगासकट १,३५,००० रुपये. ५०,००० आधी, ४०,००० पत्रा झाल्यावर, उरलेले गाडी नेताना. “बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर.”

दर स्वस्त नव्हता. याहून कमी सांगणारे दोघे-तिघे होते, आणि एकाने तर चक्क सांगितलं होतं की एवढ्या पैशात तो फक्त ठिगळं मारेल. तो प्रामाणिक होता हे आता कळतं. जास्त पैसे मोजले की काम पक्कं होतं, या हिशोबाला पत्रेकामात काही अर्थ नाही.

पुढचं सगळं फार अदबीने झालं. “मॅडम, तुम्ही कशाला एवढ्या धुळीत येता? मी फोटो टाकतो ना.” फोटो येत राहिले: ठिणग्या, कापलेल्या पत्र्याच्या चकचकीत कडा, सिलच्या जागी नवा राखाडी पत्रा. जायचं म्हटलं की वेल्डर गावाला गेलेला, नाहीतर त्या बाजूची लाईट गेलेली. एकदा न सांगता गेले तर गाडीवर ताडपत्री आणि खालून सगळीकडे लाल रेड ऑक्साइड प्रायमर. “कालच मारलाय, ओला आहे, हात नका लावू.” एका फोटोत दाराच्या खांबाची आतली बाजू हिरवी दिसत होती. आमची गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापासून पांढरी. विचारलं, तर उत्तर तयार: “तो जुना कंपनीचा अंडरकोट असतो मॅडम, घासल्यावर दिसतो.” इतक्या सहज सांगितलं की पुढे काय बोलणार? दुसऱ्याच कुणाच्या तरी हिरव्या फियाटचे फोटो होते ते.

गाडी मिळाली तेव्हा आरशासारखी होती. खालचा तळ डांबरासारखा काळाभोर, जाड आणि अजून बोटाला चिकटणारा. डावीकडचं मागचं दार आधी नीट लागायचं, ते आता खांबाला घासत होतं. “रबर नवीन आहे, बसेल.”

पहिल्याच पावसाळ्यात दारांच्या खालच्या कडेला फोड आले. मग गालिचा ओला राहायला लागला आणि गाडीत कुबट वास. एकदा टायर पंक्चर झाला, जॅक लावला, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच गाडीत वर गेला. आतून कुरकुर आवाज झाला आणि मागचं दार उघडेना.

तेव्हा मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना शोधून काढलं. आयुष्यभर त्यांनी फियाट टॅक्सींचं पत्रेकाम केलेलं. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं, दारांच्या खालून फिरवलं, तर ते बऱ्याच ठिकाणी चिकटेचना. लांबीच लांबी, काही जागी बोटभर जाड. लांबी ही शेवटचा हात फिरवायला असते, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. त्याहून जाड थराला तडे जातात, तड्यातून पाणी शिरतं, आणि ही पुट्टी पाणी शोषून धरते.

तळाला मात्र चुंबक व्यवस्थित चिकटलं. मला वाटलं, चला, एवढं तरी खरं आहे. मिस्त्री हसले आणि पत्री घेऊन काळा थर खरवडायला बसले. खाली पॉप रिवेटची रांग निघाली. रिवेट तोडून पत्रा उचलला तर त्याच्या उलट्या बाजूला खाद्यतेलाच्या डब्याची छपाई, सूर्यफुलासकट. जुना कुजका तळ तसाच खाली. डब्याचा पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, गाडीचा साधारण ०.९. पण डबाही लोखंडाचाच, म्हणून चुंबक त्याला चिकटतं. इंटरनेटवर सगळे चुंबक लावून बघा म्हणतात, ते अर्धवट आहे. चुंबकाने लांबी उघडी पडते, डबा नाही. तळ आणि सिल स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. सलग पत्र्याचा आवाज खणखणीत आणि सारखा येतो. भरलेल्या जागी तो मेल्यासारखा येतो. आणि ताज्या, जाड अंडरकोटिंगखाली काय आहे ते खरवडून बघू द्यायला कोणी नकार दिला, तर पैसे काढू नका.

सिलमध्ये फोम होता. दारं-खिडक्यांच्या फटीत मारतात तो पिवळा, फुगणारा. त्यावर फायबरची मॅट, त्यावर लांबी, त्यावर रंग. फोम ओल सोडत नाही, त्यामुळे जो काही चांगला पत्रा आत शिल्लक होता तोही एका पावसाळ्यात गेला. जिथे खरोखर वेल्डिंग केलं होतं तिथे ते साध्या रॉडच्या आर्क मशीनने. एवढ्या पातळ पत्र्याला तो रॉड भोकं पाडतो, मग भोकं बुजवायला आणखी रॉड, असं करत गाठी झालेल्या. आणि हे सगळं गालिचा, वायरिंग न काढता. तळावरून मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरींचं आवरण वितळून एकमेकींना चिकटलं होतं. बॅटरीची वायरही सोडली नसावी. गाडीत पेट्रोलची टाकी असताना हे केलं, यावर मी जास्त लिहीत नाही, लिहिताना हात थरथरतो.

मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. “टॅक्सीला आम्हीपण डबे मारलेत ताई. पासिंगला आलेली गाडी, मालकाकडे पैसे नाहीत, वर्ष काढायचंय. पण त्याला सांगून मारायचो, आणि डब्याचेच पैसे घ्यायचो.” ठिगळ मारणं गुन्हा नाही. ठिगळाला नवा पत्रा म्हणून विकणं हा आहे.

मग त्यांनी खरं काम केलं आणि मला समोर स्टूल दिलं. सिल कापण्याआधी दारं काढून दोन्ही खांबांच्या मध्ये आडवे पाइप टाक्याने, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी, बसवले, नाहीतर कापल्याबरोबर सांगाडा वाकतो आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. माझं मागचं दार का घासत होतं ते तिथे कळलं. एका वेळी एकच बाजू. गंजाच्या बऱ्याच पुढे, पत्रा पांढरा चमकेपर्यंत कापलं. आतला पत्रा आधी, बाहेरचा नंतर. नवा पत्रा जुन्यावर चढवायचा नाही. कड कडेला भिडवायची, कारण एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसतं आणि गंज तिथूनच परत सुरू होतो. सीओटूने सलग ओढ नाही. इथे एक टाका, वीतभर लांब दुसरा, थंड होऊ द्यायचं, मग मधले. सलग ओढलं की उष्णतेने पत्रा लाटा घेतो, आणि त्या लाटा लपवायला पुन्हा लांबी लागते. जोडावर झिंकचा प्रायमर, शिवणीत सीलर, आणि सगळं झाल्यावर लांब नळीने सिलच्या पोकळीत मेण. तळाची भोकं मोकळी. त्यांनी ती तारेने टोचून दाखवली.

त्यांनी आणखी एका प्रकाराबद्दल सावध केलं. काही जण कुजलेल्या सिलखाली लोखंडी चौकोनी पाइप किंवा अँगल वेल्ड करून देतात आणि गाडी ‘डबल मजबूत’ झाली म्हणतात. पाइप पक्का, पण तो ज्याला धरून आहे तो पत्रा कुजलेला. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. माझ्या गाडीला २०२८ मध्ये ५० होतील. खाली पाइपांची चौकट घेऊन मी तिथे गेले असते तर काय ऐकलं असतं कोण जाणे. चासी नंबर ज्या पत्र्यावर ठोकलेला आहे, त्याला कुणालाही ग्राइंडर लावू देऊ नका. तो किती कुजलाय हे कुणीही सांगो.

या कामात ज्याचे पैसे द्यायचे ते शेवटी झाकलंच जाणार असतं. चांगलं काम रंगाखाली जातं, वाईटही जातं. दोन्ही वेगळी दिसतात ती मधल्या थोड्या दिवसांत, जुना पत्रा कापल्यापासून लाल प्रायमर लागेपर्यंत. पैशाचा दुसरा हप्ता त्या दिवसांना बांधा. एस्टिमेटवर लिहून घ्या: कापलेले जुने तुकडे मालकाला परत मिळतील, वेल्डिंग उघडं असताना मालक स्वतः येऊन बघेल, त्यानंतरच प्रायमर आणि त्यानंतरच पैसे. फोटो चालतील, पण त्यात तुमच्या गाडीची नंबरप्लेट किंवा तुम्ही आतून खडूने केलेली खूण दिसली पाहिजे. “डेंटिंग-पेंटिंग लेबर” अशी एकच ओळ असलेला कागद घेऊ नका. किती गेजचा पत्रा, कुठला भाग कापून बदलणार, कुठे फक्त ठिगळ, हे वेगवेगळं लिहायला सांगा. चांगला मिस्त्री हे लिहून देताना कंटाळेल, कटकट करेल, पण देईल.

फसलेलं कळल्यावर लगेच दुसरीकडे दुरुस्ती सुरू करू नका, हेही सांगते, कारण मग पहिला म्हणतो की दुसऱ्यानेच बिघडवलं. मी आधी गॅरेजला लेखी कळवलं की अमुक दिवशी तळ उघडणार आहोत, येऊन बघा. कोणी आलं नाही. उघडताना सलग व्हिडिओ काढला, डब्याचे पत्रे, फोमचे तुकडे, रिवेट सगळं गोणीत भरून ठेवलं. पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयने दिलेले पैसे, व्हॉट्सॲपवरचं “आरपार नवा पत्रा” आणि हिरव्या गाडीचे फोटो होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील हवाच असंही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

वकिलामार्फत नोटीस पाठवल्यावर गॅरेजचं उत्तर आलं. टाइप केलेलं, दोन पानी, सही-शिक्क्यासकट. त्यात म्हटलंय की काम उत्तम प्रतीचं होतं, मात्र ग्राहकाने गाडी पावसात वापरली. त्या उत्तराची प्रत तक्रारीला जोडली आहे.