निवृत्तीनंतर जोडीदाराचा सरकारी आरोग्य विमा: सीजीएचएस, वय वंदना की कामगार विमा?

निवृत्ती जवळ आली की नवरा-बायकोच्या औषधपाण्याची सोय कोणत्या योजनेतून करायची, हा प्रश्न बहुतेक घरांत ‘किती लाखांचे संरक्षण मिळते’ एवढ्यावरच सोडवला जातो. दोघांपैकी ज्याने नोकरी केली नाही किंवा जो वयाने लहान आहे, त्याच्यासाठी मात्र रकमेच्या आधी पात्रता कोणाच्या नावावर उभी आहे हे पाहावे लागते. केंद्र सरकारची आपल्या कर्मचारी-निवृत्तिवेतनधारकांसाठीची आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएस, आणि कारखाने व खासगी आस्थापनांतील कामगारांसाठीचा कामगार विमा, म्हणजे ईएसआयसी, यांत जोडीदाराला हक्क मिळतो तो विवाहाच्या नात्याने. सत्तर वर्षांवरील नागरिकांसाठी 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झालेल्या मोफत उपचारांच्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी मात्र नाते उपयोगी पडत नाही. तेथे प्रत्येकाने स्वतः सत्तरी गाठलेली असावी लागते.

आधी सीजीएचएस पाहू. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकाला वर्गणी दरवर्षी भरता येते किंवा दहा वर्षांची रक्कम एकदम भरून आजीवन कार्ड घेता येते. सातव्या वेतन आयोगाच्या स्तरांनुसार ही वर्गणी दरमहा 250, 450, 650 किंवा 1,000 रुपये आहे. म्हणजे सर्वांत खालच्या टप्प्यात एकरकमी 30,000 आणि सर्वांत वरच्या टप्प्यात 1,20,000 रुपये होतात. जोडीदारासाठी वेगळी वर्गणी नसते आणि वयाची अटही नसते. आई-वडिलांसारख्या इतर अवलंबितांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते, ती पती किंवा पत्नीला लागू होत नाही, त्यामुळे पत्नीच्या नावावर घरभाडे किंवा ठेवींचे व्याज जमा होत असले तरी तिची पात्रता जात नाही. मूळ कार्डधारकाच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या जोडीदाराच्या नावे सुविधा पुढे चालू राहते, आणि माझ्या मते या योजनेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. शिवाय बाह्यरुग्ण तपासणी आणि नेहमीची औषधेही यात मिळतात. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या जोडप्याचा खरा खर्च रुग्णालयात कमी आणि औषधांच्या दुकानात जास्त होत असतो.

उणीव आहे ती अंतराची. महाराष्ट्रात या योजनेची आरोग्य केंद्रे प्रामुख्याने मुंबई, पुणे आणि नागपूर येथे आहेत. निवृत्तीनंतर सावंतवाडीला किंवा उदगीरला जाऊन राहिलेल्या माणसाला दर महिन्याला औषधांसाठी पुणे गाठणे शक्य नसते. अशांना जवळच्या सीजीएचएस शहरातून कार्ड काढून ते रुग्णालयात दाखल होण्यापुरते वापरता येते आणि बाह्यरुग्ण उपचारांसाठी दरमहा 1,000 रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेता येतो. हजार रुपयांत दोघांची औषधे बसत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

वय वंदना कार्डाचे आकर्षण उघड आहे. वर्गणी नाही, उत्पन्नाची अट नाही, जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ नाही, आणि योजनेतील रुग्णालयांत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. मात्र ही रक्कम कुटुंबामागे आहे, माणसामागे नाही. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर त्याच 5 लाखांत दोघांचे भागवावे लागते. रोजची औषधे आणि बाह्यरुग्ण तपासण्या त्यात येत नाहीत. सीजीएचएसमध्ये अशी वार्षिक रकमेची कमाल मर्यादा नसून उपचारांचे दर ठरवून दिलेले असतात.

निर्णय अवघड होतो तो इथे, कारण सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस यांपैकी एखादी योजना आणि वय वंदना कार्ड ही दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. एक निवडावे लागते. पती 71 वर्षांचे आणि पत्नी 64 वर्षांची आहे, असे धरू. आपल्याकडे इतके अंतर काही नवलाचे नाही. पतीने सीजीएचएस सोडून वय वंदना स्वीकारले तर त्यांची सोय होईल, पण पत्नीला ते कार्ड मिळायला आणखी सहा वर्षे आहेत आणि सीजीएचएसमधला तिचा हक्क तर पतीच्याच नावावर उभा होता. साठीपासून सत्तरीपर्यंतचा हा काळ मोतीबिंदू, गुडघे आणि हृदयविकार यांचा असतो, आणि याच वयात नव्याने खासगी मेडिक्लेम घेतल्यास आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो. म्हणून जोडीदार सत्तरीच्या आत असेल तर सीजीएचएस किंवा ईसीएचएस सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सीजीएचएसची वर्गणी कधी भरलीच नाही, मुक्काम तालुक्याच्या गावी आहे आणि दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, अशा जोडप्याला मात्र वय वंदना अधिक सोयीचे पडेल.

कारखान्यातून किंवा खासगी आस्थापनेतून निवृत्त झालेल्यांसाठी हा पेच नाही, कारण ईएसआयसीचे लाभार्थी वय वंदना कार्डही घेऊ शकतात. निदान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय सेवा घेता येते, आणि कामगाराच्या पश्चात जोडीदारालाही तेवढीच रक्कम भरून ती पुढे चालू ठेवता येते. मुंबईतील मुलुंड, पुण्यातील बिबवेवाडी किंवा नागपूरच्या सोमवारी पेठेतील कामगार विमा रुग्णालयाच्या आसपास राहणाऱ्यांनी हा हक्क सोडण्याचे काहीच कारण नाही, तरी 120 रुपयांची ही तरतूद अनेक निवृत्त कामगारांच्या गावीही नसते. ही रक्कम दरवर्षी आगाऊ भरायची असते.

योजना कोणतीही निवडली तरी अडते ते कागदावर. पेन्शनच्या आदेशात पत्नीचे नाव लग्नानंतरचे, आधारवर निराळ्या क्रमाने आणि बँकेच्या पुस्तकात तिसऱ्याच पद्धतीने, हे आपल्याकडे नेहमीचे आहे; सीजीएचएसचे कार्ड पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाशी जोडले जाणार असल्याने पेन्शनच्या आदेशातील नाव आणि जन्मतारीख निवृत्तीपूर्वीच कार्यालयातून तपासून घ्यावी. वय वंदना कार्डासाठी तर आधारवरील वयच धरले जाते. जन्माची नोंद नसलेल्या कितीतरी स्त्रियांच्या आधारवर अंदाजाने 1 जानेवारी ही तारीख पडलेली आहे, आणि त्या अंदाजात दोन-तीन वर्षे कमी लागली असतील तर कार्डही तितकीच वर्षे उशिरा मिळते. आधारवरील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे जन्मतारखेचा ग्राह्य पुरावा हाताशी आल्याशिवाय दुरुस्तीचा अर्ज करू नये.