बॉल जॉइंट बसवून दहा महिने झाले, आता सांगते

माझी पिकअप रोज पहाटे साडेतीनला भाऊच्या धक्क्यावर लागते. बर्फासकट मासळीचे तीसेक क्रेट भरायचे आणि कुर्ला, घाटकोपर, मुलुंड करत साडेसातपर्यंत रिकामं व्हायचं. गाडी माझी, चालवतो माझा भाचा. म्हणून स्पेअरपार्टच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस माझ्याकडे न बघता त्यालाच विचारतो, "बोला, काय देऊ?" पैसे माझ्या पिशवीतून निघाले की मग त्याला "ताई" सुचतं.

गेल्या एप्रिलमध्ये पुढे डाव्या बाजूला खटखट सुरू झाली. आधी फक्त स्पीडब्रेकरवर, मग रे रोडच्या प्रत्येक खड्ड्यात. डावा टायर आतल्या कडेने असा झिजला होता की कुणी कानशीने घासलाय. भाचा म्हणाला, "आत्या, शॉकर गेला." आमच्या कुर्ल्याच्या मिस्त्रीने मात्र शॉकरला हात लावला नाही. जॅक त्याने चेसीखाली न लावता खालच्या आर्मखाली (चेसीपासून चाकापर्यंत जाणारा, वर-खाली हलणारा दांडा), अगदी चाकाजवळ लावला. चाक जमिनीपासून चार बोटं उचललं, टायरखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि वर रेटली. खट्! आर्म आणि चाक जोडणारा जो वाटीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा, तो बॉल जॉइंट. खालच्या बॉल जॉइंटमध्ये एवढा प्ले, म्हणजे सैलपणा, होता की मला माझ्या डोळ्यांनी दिसला.

जॅक आर्मखालीच का, ते मी विचारून घेतलं. माझ्या गाडीला पुढे वर-खाली दोन आर्म आहेत आणि कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. म्हणजे पुढचा सगळा भार खालच्या जॉइंटमधून चाकावर जातो. चेसी उचलून चाक लोंबकळत ठेवलं, तर स्प्रिंग तो जॉइंट ताणूनच धरते आणि घासलेला जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. असं बघून "सगळं ठीक आहे" म्हणणारा मिस्त्री मला आधी एकदा भेटलाय. तुमच्या पिकअपला पुढे पाटे आणि सरळ अ‍ॅक्सल असेल, तर बहुतेक बॉल जॉइंटऐवजी किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती जाड खीळ) असणार. मग पुढचं वाचायची गरज नाही, तो वेगळा खर्च आहे.

माझा हा दुसरा फेरा. त्याआधी दोन वर्षांपूर्वी घाईत एका दुकानातून जोडी घेतली होती. दुकानाचं नाव घेत नाही. डब्यावर मोठ्या ब्रँडचं नाव, पण छपाई अशी की अक्षरांना सावली पडलेली. बिल नाही, "ताई, माल गॅरंटीचा." आठव्या महिन्यात रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरची टोपी, चिरला, आत पाणी गेलं आणि ग्रीस चहातल्या साखरेसारखं विरघळून गेलं. पाणी म्हणजे साधं नव्हे. धक्क्यावर फरशी कायम ओली असते, त्यात समुद्राचं खारं पाणी आणि बर्फाचं वितळलेलं. वर पावसाळ्यात हिंदमाताला चाकं अर्धी बुडतात. बॉल जॉइंट लोखंडाने मरत नाही, बुटाने मरतो. एकदा बूट फाटला की आतल्या गोळीला गंज धरायला आमच्या धंद्यात पंधरा दिवस पुरतात.

आणि जॉइंट गेला म्हणजे नुसता आवाज नाही. गोळी वाटीतून निसटली की चाक आडवं पडतं. सायन-पनवेल रस्त्यावर एक टेम्पो तसा बसलेला मी पाहिलाय, पुढचं चाक मडगार्डखाली दुमडलेलं. म्हणून यंदा घाई करायची नाही असं ठरवलं. मधले दिवस गाडी कमी माल घेऊन हळू चालवली आणि काम जूनच्या मासेमारी बंदीत काढलं. तेव्हा धक्का शांत असतो आणि मिस्त्रीला "आजच दे" म्हणून छळावं लागत नाही.

मिस्त्री म्हणाला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, जुन्या पार्टच्या बाजारात, जुने आर्म जॉइंटसकट मिळतील, स्वस्तात. दरवाजा, हेडलाइट, आरसा मी तिथून डोळे मिटून घेईन. जुना बॉल जॉइंट घेणार नाही. आतली वाटी किती झिजलीय ते बाहेरून दिसत नाही.

मग गेले ऑपेरा हाउसला, नव्या स्पेअरपार्टच्या बाजारात. तिथल्या गल्लीत एक बोहरी शेठ बसतात, दुकान एवढंसं की दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने फुटपाथवर उभं राहायचं. पहिलीच गोष्ट आवडली : त्यांनी गाडीचं नाव विचारलं नाही, चेसी नंबर मागितला. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे टेपर बदलतो म्हणाले. टेपर म्हणजे जॉइंटच्या दांड्याचा निमुळता भाग, नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी तुकडा) बसतो तो. जरा चुकला तर नट कितीही आवळा, आतून दांडा हलत राहतो आणि भोक मोठं करतो. मग जॉइंट नाही, नकल बदलावं लागतं.

त्यांनी तीन डबे काढले. गाडीच्या कंपनीचा, जपानी ५५५, आणि एक लोकल. तिन्ही उघडून समोर ठेवले आणि गप्प बसले. मी मासळी बघते तसं बघितलं. बूट चिमटीत दाबला. लोकलचा कडक, सोडल्यावर घडी तशीच राहिली. कंपनीचा आणि ५५५चा मऊ, लगेच जागेवर आला. दांडा हाताने फिरवला. नवा जॉइंट जड फिरायला हवा, पण सगळीकडे सारखा जड. लोकलचा एका जागी अडकत होता आणि पुढे सैल. आटे बघितले, नट हाताने शेवटपर्यंत चढवून बघितला. शेठ हसले, म्हणाले, "बहन, इतनं तर मिस्त्री पण नाही बघत."

निपलचा, म्हणजे ग्रीस भरायच्या तोटीचा, प्रश्न मी विचारला. बंद जॉइंटला ग्रीस भरायची सोय नसते. बूट शाबूत तोवर तो छान चालतो, काही करावं लागत नाही. रोज कोरड्या रस्त्यावर चालणाऱ्याने तोच घ्यावा. माझ्यासारखीला निपलवाला बरा, कारण पंप मारला की नवं ग्रीस आतलं ओलं ग्रीस बाहेर ढकलतं. माझ्या गाडीच्या कंपनीच्या डब्यातल्या खालच्या जॉइंटला निपल होतं. तिथेच माझा निर्णय झाला. खालची जोडी कंपनीची, ७,८०० रुपये. वरच्या जॉइंटवर स्प्रिंगचा भार नाही, तो चाकाला फक्त उभं धरतो, म्हणून वरची जोडी ५५५ची, ३,६०० रुपये. चारही कंपनीचे घेतले असते तर साडेचार हजार जास्त गेले असते आणि ते कुठे गेले हे मला कधी कळलं नसतं. पक्कं बिल मागायच्या आधी मिळालं. तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून स्पेअरपार्टला १८ आहे. कुणी जुना भाव सांगत असेल तर तेवढं विचारा.

एकच तक्रार शेठबद्दल : दुपारी दीड ते तीन दुकान बंद, फोनही उचलत नाहीत. मी एक तास सँडहर्स्ट ब्रिजखाली उभी होते.

बसवण्याबद्दल थोडं, कारण चांगला जॉइंट गॅरेजमध्येही मरतो. जुना काढायला दुबेळकं (दोन टोकांची पाचर) ठोकलं तरी चालतं, तो फेकायचाच आहे. पण शेजारच्या टाय रॉड एंडला (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) तेच लावलं तर त्याचा चांगला बूट फाटतो, तिथे पुलर वापरायला लावा. टेपर पुसून कोरडा बसवायचा, ग्रीस लावायचं नाही. आणि स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचेसमोर आलं नाही तर नट ढिला करायचा नाही, थोडा आणखी आवळून पुढची खाच गाठायची. मागच्या वेळच्या पोराने ढिला केला होता. यंदा मी स्टूल टाकून समोर बसले. मिस्त्रीला राग आला, पण टॉर्क पाना काढला. मजुरी २,००० आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ लावून घेणं, ६००. अलाइनमेंट टाळू नका, नाहीतर नव्या जॉइंटवर जुना टायर तसाच झिजेल.

दहा महिने, अठरा हजार किलोमीटर, मध्ये एक पूर्ण पावसाळा. खटखट नाही, टायर सरळ झिजतोय. दर महिन्याला भाचा खालच्या दोन्ही निपलना ग्रीस मारतो. हळूहळू मारायचं आणि बूट जरासा फुगला की थांबायचं. पहिल्यांदा तो क्रिकेटचा स्कोअर बघत पंप मारत होता, मी हात धरला. जास्त दाबलं तर बूट आपणच फोडतो.

उजव्या वरच्या जॉइंटच्या बुटावर मात्र या आठवड्यात एक बारीक रेघ दिसली. अजून चिरलेला नाही, पण १ जूनला बंदी लागली की गाडी वर घेऊन नीट बघणार. नुसता बूट सुटा मिळेल का म्हणून शेठना विचारलं. "मागवून ठेवतो," म्हणाले, "येताना दोन पापलेट आण." बंदीत पापलेट मागणारं गिऱ्हाईक मला ओळखीचं आहे. दुकानदारही तसेच असतात हे माहीत नव्हतं.