चिठ्ठी, आवाज की शिरगणती? विधानसभेचा अध्यक्ष निवडायचा कसा

विधानसभेचा अध्यक्ष गुप्त मतदानाने निवडावा की उघडपणे, हा वाद महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये पेटला. जुलै २०२२ मध्ये सत्ताधारी आणि विरोधक यांनी बाकांची अदलाबदल केली आणि तो आपोआप विझला. मूळ प्रश्नावर धड चर्चा झालीच नाही. अजूनही विषय निघाला की माणूस आधी त्या वेळचा आपला पक्ष आठवतो आणि मग तत्त्व. ज्यांना खरोखर एक बाजू घ्यायची आहे, एखाद्या वादविवादात किंवा स्वतःच्या संस्थेचे नियम लिहिताना, त्यांच्यासाठी ही तुलना. मी काही काळ ग्रामपंचायत सदस्य होतो. उपसरपंच निवडताना आमच्यासमोर हाच पर्याय येई आणि मला तो निवडावा लागला आहे. विधानसभेशी त्याची बरोबरी नाही, हे मान्य. पण मत देताना माणसाची नजर कुठे असते, एवढे बहुधा दोन्हीकडे सारखेच.

आधी घडले काय, ते थोडक्यात. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडले आणि खुर्ची रिकामीच राहिली. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम चालवत होते. महाविकास आघाडीकडे बहुमत होते, पण चिठ्ठी टाकताना ते बहुमत शाबूत राहील याची खात्री बहुधा कोणालाच नव्हती. हिवाळी अधिवेशनात नियम समितीच्या शिफारशीवरून नियम ६ आणि ७ बदलले, गुप्त मतदान गेले, खुले आले. हरकती-सूचनांसाठीची १० दिवसांची मुदत एका दिवसावर आणली होती, हे लक्षात ठेवा. त्याकडे पुन्हा येईन. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बदलावर आक्षेप घेतला आणि निवडणूक लांबली. भाजपचे गिरीश महाजन उच्च न्यायालयात गेले. मार्च २०२२ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली आणि न्यायालयात अनामत म्हणून भरलेले १० लाख रुपयेही गेले. मग शिवसेना फुटून सरकार पडले, एकनाथ शिंदे यांचे नवे आले, आणि ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर निवडून आले ते त्याच बदललेल्या नियमाने, १६४ विरुद्ध १०७ मतांनी. ज्यांनी नियमाला विरोध केला त्यांनाच तो पहिल्यांदा उपयोगी पडला. असो.

राज्यघटना या बाबतीत गप्प आहे. अनुच्छेद १७८ म्हणतो, सभागृहाने अध्यक्ष निवडावा. कसा, ते सांगत नाही. अनुच्छेद २०८ नियम करण्याचा अधिकार सभागृहालाच देतो. तेव्हा 'घटनाबाह्य' हा शब्द दोन्ही बाजूंनी जरा जपून वापरायला हवा होता.

आता गुप्त मतदान. त्याच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले निम्मे, म्हणजे सदसद्विवेकबुद्धी वगैरे, मला फारसे पटत नाही. पण एक मुद्दा भक्कम आहे. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (पक्षांतरबंदीचा कायदा) आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षच देतो. म्हणजे आज ज्याच्याविरुद्ध तुम्ही उभे राहून मत दिले, तोच उद्या तुमच्या आमदारकीचा न्यायाधीश. जुलै २०२२ मध्ये नार्वेकरांविरुद्ध शिवसेनेचे राजन साळवी उभे होते. पुढे शिवसेनेच्या ठाकरे आणि शिंदे या दोन्ही गटांच्या आमदारांविरुद्धच्या याचिका नार्वेकरांपुढेच चालल्या आणि १० जानेवारी २०२४ रोजी निकाल लागला. त्यात कोणीच अपात्र ठरले नाही, हा भाग वेगळा. पण तोवरच्या काळात विरोधात उभे राहिलेल्या आमदाराच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करून पाहा. शिवाय पक्षादेश आहेच. उघड मतदानात आमदाराचे मत त्याचे स्वतःचे राहत नाही, ते प्रतोदाचे, म्हणजे पक्षादेश काढणाऱ्याचे होते. नार्वेकरांच्या निवडीच्या दिवशी तर एकाच पक्षाचे, शिवसेनेचे, दोन व्हिप म्हणजे पक्षादेश निघाले होते. पुढे मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. मत देऊन झाल्यावर दहा महिन्यांनी हे कळून उपयोग काय, असे एखाद्या आमदाराने विचारले तर मी त्याला दोष देणार नाही.

दुसरा पर्याय आवाजी मतदानाचा. यावर फार वेळ घालवत नाही. 'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे' झाले, 'प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे' झाले, 'होयचे बहुमत' झाले आणि प्रस्ताव संमत. सगळे काही खुर्चीवरच्या माणसाच्या कानावर. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठराव असाच जिंकला होता. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती, मतविभागणी, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, मागत राहिली, आणि विरोधी पक्षनेते होते एकनाथ शिंदे. कोणाकडे किती आमदार होते, हे त्या दिवशी अधिकृतपणे कोणालाच कळले नाही. लोकसभेतही अध्यक्ष प्रस्तावानेच निवडला जातो, असा दाखला २०२१ मध्ये दिला गेला. तो खराच आहे. जून २०२४ मध्ये ओम बिर्ला आवाजी मतदानानेच निवडले गेले, विरोधकांनी विभागणीचा आग्रह धरला नाही. आग्रह नसेल तेव्हा आवाज ठीक. आग्रह असताना आवाजावर थांबणे मला तरी उघड मतदान वाटत नाही.

राहिली शिरगणती. ३ जुलै २०२२ रोजी शेवटी तीच झाली. एकेक सदस्य उभा राहिला, मोजला गेला, तटस्थांनाही तटस्थ म्हणून पुढे यावे लागले. कंटाळवाणा प्रकार, पण मी तो टीव्हीवर पूर्ण पाहिला. दुसऱ्या दिवशी शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला, तोही असाच मोजला गेला, १६४ विरुद्ध ९९. त्या दोन दिवसांत हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीचे आमदार संतोष बांगर रविवारी ठाकरेंच्या बाजूने उभे होते आणि सोमवारी शिंदेंच्या. त्यांनी बरे केले की वाईट, ते कळमनुरीच्या मतदारांनी ठरवायचे. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की मतदारांना ते ठरवता आले. गुप्त मतदान असते तर रविवारचे मत आणि सोमवारचे मत दोन्ही पेटीतच राहिले असते.

इथे मला माझ्या पंचायतीकडे वळावे लागते, कारण माझा कल ठरला तो तिथेच. आमच्याकडे उपसरपंच हात वर करून निवडत, पण एकाही सदस्याने मागणी केली तर गुप्त. एकदा अशी मागणी झाली. आमच्या पॅनेलचे बहुमत होते, चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडल्या, मोजल्या, आणि आमचा उमेदवार पडला. फुटले कोण, हे कधीच कळले नाही. आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. फुटलेला माणूस मजेत होता. जे फुटले नाहीत ते मात्र प्रत्येक बैठकीत एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत होते. मी ज्याला मत दिले होते त्या उमेदवाराच्या घरच्यांनीच माझ्याशी बोलणे तोडले. मी काय सांगणार? शपथ घ्यावी तर ती खऱ्यानेही घेतली आणि खोट्यानेही. गुप्त मतदानात माणूस आपला अपराध लपवू शकतो हे सगळे सांगतात; आपला प्रामाणिकपणाही दाखवू शकत नाही, हे कोणी सांगत नाही. पुढच्या निवडीच्या वेळी अध्यासी अधिकाऱ्याने गुप्त मतदानाची मागणी आहे का, असे विचारले तेव्हा मी ती केली नाही आणि शेजाऱ्यालाही करू दिली नाही.

विधिमंडळात हीच गोष्ट जून २०२२ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने पाहायला मिळाली. १० जूनला राज्यसभेची निवडणूक झाली. तिथे २००३ पासून खुले मतदान आहे, आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत वैध ठरवली आहे. २० जूनला विधान परिषदेची, तीच आमदार मंडळी, पण गुप्त मतदान. राज्यसभेत भाजपचे धनंजय महाडिक जिंकले आणि शिवसेनेचे संजय पवार हरले. फटका आघाडीला दोन्हीकडे बसला, तेव्हा खुल्या मतदानाने फाटाफूट थांबते असे म्हणायची सोय नाही. पण राज्यसभेत पक्षाच्या आमदारांनी काय केले ते पक्षाला दिसले होते, फोडाफोडी होती ती अपक्ष आणि छोट्या पक्षांत. परिषदेत काँग्रेसचे पहिल्या पसंतीचे उमेदवार चंद्रकांत हंडोरे पडले, दुसरे भाई जगताप निवडून आले. काँग्रेसच्या प्रत्येक आमदाराकडे संशयाने पाहिले गेले असणार. निष्ठावंतांकडेही. आमच्या स्टीलच्या डब्याची आठवण मला त्या रात्री झाली.

याचा अर्थ गुप्त मतदान टाकाऊ, असा मी घेत नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते योग्यच आहे, कारण तिथे पक्षादेश लागू होत नाही आणि राष्ट्रपती आमदारांच्या अपात्रतेचा निवाडा करत बसत नाहीत. अध्यक्षांच्या बाबतीतही न्यायाधीशाचा मुद्दा मला अजून छळतो. त्यावर माझ्याकडे असलेले उत्तर अर्धवट आहे. अपात्रतेचे काम अध्यक्षांकडून काढून एखाद्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सुचवले होते. ते झाले तर गुप्ततेची सर्वांत मोठी गरज उरत नाही. होत नाही तोवर उघडपणे उभे राहणाऱ्या आमदाराला थोडी किंमत मोजावी लागेल. ती त्याने मोजावी, असे मला वाटते. निवडून येताना त्यानेही लोकांकडे मत उघडपणेच मागितलेले असते.

मुदतीचे तेवढे सांगायचे राहिले. माझी पसंती ज्या बाजूला आहे, त्याच बाजूने ती दहावरून एकावर आणली, हे मला आवडलेले नाही. नियम बदलायला साधे बहुमत पुरते, म्हणून तर हरकतींसाठी सवड हवी. उद्या दुसरे सरकार येऊन एका दिवसात पुन्हा गुप्त मतदान आणू शकते, आणि तेव्हा आज खुल्या मतदानाची बाजू घेणाऱ्यांना तक्रार करायला जागा राहणार नाही.

तेव्हा तुम्ही स्वतःच्या संस्थेसाठी ठरवत असाल तर, माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे, आधी एवढे बघा: निवडून येणारा माणूस पुढे तुमच्या सदस्यत्वाचा निर्णय देणार आहे का? देणार असेल तर चिठ्ठीचा विचार जरूर करा. नसेल तर शिरगणती घ्या, आणि कोणी कुठे उभे राहिले ते नावानिशी इतिवृत्तात लिहून ठेवा. आमच्या पंचायतीच्या इतिवृत्तात त्या निवडीपुढे फक्त 'बहुमताने' असे लिहिलेले आहे.