जोत्याच्या गिलाव्यात गेलेले माझे १,८०,००० रुपये

कोकणातल्या आमच्या चिऱ्याच्या घराच्या जोत्याला आणि पावसाचा मारा झेलणाऱ्या दोन भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करून देतो, असे सांगून एका ठेकेदाराने एप्रिल २०२४ मध्ये माझ्याकडून १,८०,००० रुपये घेतले. पहिल्याच पावसाळ्यात त्या गिलाव्याचे पोपडे अंगणात येऊन पडले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव आणि गावाचे नाव इथे देत नाही. हे लिहिताना मला राग जितका येतो आहे तितकीच लाजही वाटते आहे, पण गप्प बसलो तर पुढच्या उन्हाळ्यात तो माणूस आणखी कोणाच्या तरी ओट्यावर बसून हाच हिशेब मांडेल.

घर आजोबांनी बांधलेले आहे. पाया चिऱ्याचा म्हणजे जांभ्या दगडाचा, दोन चिऱ्यांमधल्या दरजा मातीच्या, आणि त्या काळी जोत्यावर ओल अडवणारा थर घालण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. मागची बाजू डोंगराला लागून असल्यामुळे पावसात मुरलेले पाणी थेट पायावर येते, चिरा ते शोषून घेतो आणि आतल्या देवघराच्या भिंतीला तीन फुटांपर्यंत ओल चढून लोणा लागतो, म्हणजे पांढरे क्षार फुटतात. आतून कितीही रंग लावला तरी तो टिकत नाही. पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूनेच, जमिनीखाली पायापर्यंत उतरून ते अडवावे लागते, एवढे मला माहीत होते. त्यामुळेच मी ‘बाहेरून जोते उघडे करून दोन कोट गिलावा’ हे काम शब्दशः कागदावर लिहून घेतले होते.

मी डोंबिवलीला राहतो, नोकरी हिशेब विभागात आहे आणि दुसऱ्याची बिले तपासण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आहेत. मी दोन ठेकेदारांचे दर घेतले होते आणि याचा दर सर्वांत स्वस्तही नव्हता. त्याने मला शेजारच्या वाडीतले त्याने केलेले एक घर दाखवले, ते मी स्वतः हात लावून पाहिले आणि काम खरोखर गुळगुळीत होते. मात्र ते काम जानेवारीत झालेले होते, म्हणजे त्या भिंतीने एकही पावसाळा पाहिलेला नव्हता, ही गोष्ट त्या वेळी माझ्या मनातही आली नाही. दोन पावसाळे काढलेले काम दाखवता येत नसेल, तर त्या माणसाला अंगणातून परत पाठवा.

ठरले ते असे. घराचा घेर १४८ फूट. चारही बाजूंनी दोन फूट चर खणायचा, जमिनीखालचे दोन फूट आणि वरचे अडीच फूट असे साडेचार फूट जोते, शिवाय पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत दहा फूट उंचीपर्यंत, सगळ्याला सिमेंट-वाळू १:४ प्रमाणात, दोन कोट मिळून २० मिलिमीटर जाडी, वॉटरप्रूफिंगचे द्रव मिसळून, मालासह ११० रुपये चौरस फूट आणि दहा वर्षांची गॅरंटी. त्याने मोजमाप १,६८४ चौरस फूट भरवले आणि बिल १,८५,२४० रुपयांचे काढले. वरचे ५,२४० ‘घरचे माणूस समजून’ सोडले. ते सोडले म्हणून मी त्याचे आभार मानले होते. नंतर मी स्वतः टेप धरून मोजले तेव्हा जोते ६६६ आणि भिंती ७४०, असे एकूण १,४०६ चौरस फूट भरले. २७८ चौरस फूट, म्हणजे ३०,५८० रुपये, बिलात केवळ मोजमापातून वाढवलेले होते. टेपचे दुसरे टोक स्वतःच्या हातात धरल्याशिवाय मोजमाप मान्य करू नका.

पैसे असे गेले: २ एप्रिलला आगाऊ ६०,००० रोख, ८ एप्रिलला फोनवरून ७५,००० आणि १४ एप्रिलला ४५,००० रोख. रोख रकमेची पावती मी मागितली नाही असे नाही. मागितली, आणि ‘पावतीबुक दुकानात राहिले, शेवटच्या बिलाबरोबर एकदम देतो’ हे उत्तर मी ऐकून घेतले. आज कागदोपत्री मी फक्त ७५,००० सिद्ध करू शकतो.

काम चालू असताना मी डोंबिवलीत आणि गावात फक्त आमच्या घरातले वडीलधारे आप्पा होते, वय ७८, मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया झालेली आणि दुसरी व्हायची. ठेकेदार रोज संध्याकाळी फोटो पाठवत असे. खणलेला चर, मोकळ्या केलेल्या दरजा, तारेच्या ब्रशने घासलेला चिरा, गिलावा धरावा म्हणून त्यावर मारलेला सिमेंटचा छपका, सगळे नीट दिसत होते. तेच फोटो मी आता पुन्हा पुन्हा पाहतो. प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात फणसाचा तोच बुंधा आहे. पाच दिवसांचे फोटो, आणि सगळे पडवीजवळच्या त्याच सहा फुटांचे. जोत्याची नीट तयारी झाली ती तेवढ्याच भागात. बाकी ठिकाणी त्याने जुन्या चुन्यावर आणि शेवाळावर सरळ गिलावा थापला होता.

आणि १४ एप्रिलची सकाळ. मी सुट्टी काढून शेवटचे पैसे द्यायला गेलो होतो. भिंत राखाडी, सपाट, कडा ओळंब्यात, डोळ्यांना खोट दिसत नव्हती. आप्पा काठी टेकत मागच्या बाजूला आले, त्यांनी काठीचे टोक जोत्यावर दोन ठिकाणी मारले आणि म्हणाले, “अरे, हे बद्द वाजतंय. आतून सुटलंय.” ठेकेदार लगेच म्हणाला, “आजोबा, ओला गिलावा असाच वाजतो. वाळला की खणखणीत होईल.” आप्पांनी तिसऱ्या ठिकाणी काठी मारली. तोच पोकळ आवाज मीही ऐकला. स्पष्ट ऐकला. आणि मी आप्पांना म्हणालो, “आप्पा, त्यांचं काम त्यांना कळतं, तुम्ही उन्हात उभे राहू नका.” ते काही न बोलता आत गेले. मी ४५,००० मोजून दिले. ज्या माणसाने हे घर उभे राहताना पाहिले, लहानपणी चिरे वाहिले, त्याला मी परक्या माणसासमोर गप्प केले. पैशांचे दुःख एका जागी, हे दुसऱ्या जागी.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट दिसली होती. गिलाव्यावर पाणी मारल्याची एकही खूण नव्हती. सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी लागते, हे आमच्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असते. मी विचारले तेव्हा त्याने सांगितले की नव्या केमिकलमुळे पाणी मारायची गरज राहत नाही. मी ते मानले, कारण एप्रिलमध्ये आमच्या विहिरीचा तळ दिसत होता आणि सात दिवस पाणी मारायचे म्हणजे टँकर मागवावा लागला असता. त्याने नेमके मला सोयीचे खोटे सांगितले. वॉटरप्रूफिंगचे द्रव सिमेंटमध्ये मिसळले म्हणून वरून पाणी देणे चुकत नाही. जो गवंडी तसे म्हणतो त्याला तिथेच थांबवा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आप्पांचा फोन आला की भिंतीला फुगे आले आहेत. ३ जुलैच्या रात्री मागच्या जोत्याचा साधारण बारा फूट लांबीचा पट्टा एकदम सुटून पडला. मी शनिवारी पोहोचलो आणि त्यातला एक तुकडा उलटा करून पाहिला. पाठीमागे चिऱ्याचा एक कणही चिकटलेला नव्हता. सबंध पाठीवर जुन्या चुन्याचा पांढरा पापुद्रा होता आणि त्यावर शेवाळाचे हिरवे डाग छापासारखे उमटले होते. जाडी कुठे नऊ मिलिमीटर, कुठे अकरा. दुसरा कोट नव्हताच. बोटाने चोळला तर कडेचा माल भुकटी होऊन गळत होता आणि त्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे दिसत होते, म्हणजे वाळू खाडीची, न धुतलेली. तशा वाळूतले मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे आता बाहेरूनही लोणा फुटला आहे.

गोठ्यामागे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडल्या होत्या. अकरा. १,४०६ चौरस फुटांना २० मिलिमीटर जाडीने १:४ चा गिलावा करायचा, तर चिऱ्याचे खळगे धरून बावीस-तेवीस गोण्या लागतात. वॉटरप्रूफिंगचे द्रव ५० किलोच्या गोणीला साधारण २०० मिलिलिटर पडते, म्हणजे साडेचार लिटर लागायला हवे होते. तिथे एक लिटरचा एकच डबा सापडला, तोही अर्धा भरलेला. काम चालू असताना रिकाम्या गोण्या रोज कोणाकडून तरी मोजून घ्या. या एका गोष्टीने मी वाचलो असतो.

सर्वांत वाईट गोष्ट ऑक्टोबरमध्ये कळली. गावातल्या एका जुन्या गवंड्याला बोलावून मी माती काढून पाहिली. दोन फुटांचा चर फक्त पडवीजवळ होता. बाकी तिन्ही बाजूंनी गिलावा जमिनीखाली जेमतेम आठ इंच गेलेला होता आणि ओला असतानाच त्यावर माती लोटलेली होती. डोंगराचे पाणी जिथून पायात शिरते, तिथे काहीच केलेले नव्हते. जमिनीखालचे काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चर बुजवू देऊ नका, मग त्यासाठी दोन दिवसांची रजा गेली तरी चालेल.

यानंतर जे झाले त्याचा संताप फसवणुकीपेक्षा कमी नाही. ठेकेदाराने जुलैअखेर फोन घेणे बंद केले. गॅरंटी कार्डावर एका मोठ्या कंपनीचे चिन्ह होते. कंपनीने कळवले की असा कोणी त्यांचा अधिकृत माणूस नाही आणि ते कार्ड त्यांचे नाही. हे पत्र घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या वेळी साहेब बाहेर होते. दुसऱ्या वेळी अर्ज वाचून सांगण्यात आले की काम झाले आहे, ते खराब झाले एवढेच, ही दिवाणी बाब आहे. खोट्या गॅरंटी कार्डाने पैसे काढणे ही दिवाणी बाब कशी, व्यवहाराच्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीचे कलम ४२० कशासाठी होते, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की वकिलासारखे बोलू नका. तिसऱ्या वेळी अर्जावर पोच मिळावी म्हणून मी चार तास बाकावर बसलो. प्रत्येक खेपेला एक रजा आणि जाऊन-येऊन दोन हजारांच्या आसपास खर्च. ग्रामपंचायतीत ठेकेदाराचा पत्ता विचारला तर ‘खासगी व्यवहारात आम्ही पडत नाही’ असे सांगितले गेले, आणि त्याच माणसाने पंचायतीच्या गटाराचे काम घेतलेले होते, म्हणजे पत्ता त्यांच्या दप्तरात होता.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लागत नाही, हे खरे आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, हेही लक्षात ठेवा. पण आयोगाच्या खिडकीवरच्या माणसाने माझे कागद तीन वेळा परत केले: एकदा प्रती कमी म्हणून, एकदा प्रतिज्ञापत्र चुकीच्या नमुन्यात म्हणून आणि एकदा पान क्रमांक पेनाने घातले म्हणून. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगता आल्या असत्या. तक्रार दाखल झाली, आणि ठेकेदाराला पाठवलेली नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन दोनदा परत आली. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी राहत्या पत्त्याच्या पुराव्याची प्रत घ्या. देत नसेल तर काम देऊ नका.

त्या जुन्या गवंड्याने सगळा गिलावा काढून, दरजा अर्धा इंच खोल कोरून, चिरा धुऊन, भिजवून, छपका मारून पुन्हा दोन कोट करण्याचा अंदाज दिला आहे. त्यातले फक्त जुना माल फोडून उचलण्याचे १८,००० आहेत. घाई न करता एक भाग पूर्ण सुकल्यावर मगच पुढचा करू, असे तो म्हणतो, आणि मागे चर ठेवून डोंगराचे पाणी बाजूला वळवल्याशिवाय नुसत्या गिलाव्यावर विसंबू नका, असेही त्याने स्वतःहून सांगितले.

पडलेले तुकडे मी टाकलेले नाहीत. उलट्या बाजूवर चुना आणि शेवाळ असलेले मोठे तुकडे निवडून, प्रत्येकावर जागा आणि तारीख लिहून, ते त्याच्याच रिकाम्या गोण्यांत भरून माळ्यावर ठेवले आहेत. आयोगाने तज्ज्ञ नेमला की ते त्याच्यासमोर मांडायचे आहेत. कुठला तुकडा कुठून सुटला, हे मला आप्पांनी सांगितले. त्यांनी काठीने दाखवलेल्या तिन्ही जागा त्यात आहेत.